दहावीनंतर भाऊ घरी बसू नये म्हणून आधी काय करावे?

ताई, तुमचा धाकटा भाऊ 17 वर्षांचा आहे, त्याला सौम्य बौद्धिक अक्षमता आहे आणि खानापूर तालुक्यातील एका गावात मराठी माध्यमातून तो यंदा दहावी झाला. आई म्हणते, पेन्शन मिळते तेवढे पुरे. त्याला एखादा प्रशिक्षण वर्ग करवावा की थेट कामाला लावावे, हा तुमचा प्रश्न आहे. बेळगाव परिसरात विशेष शिक्षिका म्हणून 19 वर्षे काम केल्यावर माझे उत्तर असे आहे की वर्ग शोधण्याआधी काम शोधा, आणि निकालानंतरचे पहिले दोन-तीन महिने कोणत्याही परिस्थितीत रिकामे जाऊ देऊ नका.

दहा वर्षे हा मुलगा ठरलेल्या वेळी उठला, आंघोळ करून दप्तर घेऊन घराबाहेर पडला, घंटा झाली की जागेवर बसला आणि घरच्यांखेरीज इतर माणसांचे ऐकत राहिला. गणितात तो कितीही मागे असला, तरी नोकरीला लागणारी निम्मी तयारी एवढ्यातच झालेली असते. शाळा सुटल्यावर ती फार वेगाने ओसरते. सोळाव्या वर्षी बाजारातून एकटी सामान आणणारी मुले विसाव्या वर्षी दुकानाची पायरी चढायला घाबरताना मी पाहिली आहेत, आणि मधल्या काळात त्यांची अक्षमता वाढलेली नव्हती, केवळ ती घरात राहिली होती.

प्रशिक्षण वर्गाविषयी माझे मत कठोर वाटेल, पण ते अनुभवातून आले आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने एका केंद्रात सहा महिने मेणबत्त्या आणि कागदी पाकिटे करायला शिकून प्रमाणपत्र मिळवले. त्याच्या गावापासून बेळगावपर्यंत मेणबत्तीचा एकही कारखाना नव्हता आणि केंद्राने पुढे चौकशीही केली नाही. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना एका जागी शिकलेले कौशल्य दुसऱ्या जागी वापरणे अवघड जाते, हे माझ्या या मतामागचे खरे कारण आहे. टेबल बदलले, माणसे बदलली, आवाज बदलला की त्यांना तेच काम नवे वाटते. म्हणून जगभर आता उलटा क्रम अधिक उपयोगी मानला जातो: आधी खऱ्या जागी काम द्यायचे, शेजारी उभे राहून तिथेच शिकवायचे आणि आधार हळूहळू कमी करत जायचे. शेजारी उभे राहणारे माणूस सुरुवातीला तुम्ही स्वतः असू शकता.

याच विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते सांगते. तो 19 वर्षांचा असताना वडगावातील एका यंत्रमाग कारखान्याच्या मालकाला आम्ही नोकरी मागितली नाही. तीन दिवस बसून काम पाहू द्या, एवढेच विचारले. तेव्हा लक्षात आले की विणकर वारंवार माग सोडून उठतो, कारण त्याला कांड्या (सूत गुंडाळलेल्या नळ्या) आणणे, रिकाम्या कांड्या गोळा करणे आणि रंगाप्रमाणे लावणे ही कामेही स्वतःच करावी लागतात. ही तिन्ही कामे वेगळी काढून मुलाला दिली. मोजणीत त्याची चूक व्हायची, म्हणून सुताराकडून बारा खाचांची लाकडी पाटी करून घेतली. पाटी भरली की कांड्या बारा झाल्या. मी पहिला आठवडा पूर्ण वेळ, दुसरा अर्धा वेळ आणि नंतर आठवड्यातून एकदा जात असे. विणकरांचा वेळ वाचला, म्हणून मालकाने त्याला ठेवले. दयेपोटी ठेवलेला मुलगा मंदीच्या पहिल्या महिन्यात घरी येतो, म्हणून मालकाचा फायदा कशात आहे हे आपणच शोधून दाखवावे लागते.

तुमच्याकडे सुरुवात अशी करा. आठवडाभर भावाकडे नुसते पाहा आणि वहीत लिहून ठेवा: न सांगता तो काय करतो, कशात जास्त वेळ रमतो, कोणत्या आवाजाने बिथरतो. नंतर तुमच्या गावच्या थांब्यावरून एकाच बसने जिथे पोहोचता येते तेवढ्याच जागांचा विचार करा. खानापुरात विटा-कौलांची आणि कुंभारकामाची जुनी परंपरा आहे, शिवाय भाजीची रोपवाटिका, बेकरी, कुंदा-मिठाईच्या दुकानातील खोकी बांधणे, किराणा दुकानातील माल लावणे अशी कामे आहेत. बेळगावकडच्या उद्यमबाग आणि मच्छे येथील फाउंड्रीकडे, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यांकडे, मात्र आत्ता पाहू नका. 18 वर्षांखालील मुलांना धोकादायक उद्योगांत कामाला ठेवण्यास कायद्याने मनाई आहे, आणि फाउंड्री त्यात मोडते. या वर्षात त्याला दोन-तीन ठिकाणी, प्रत्येकी पंधरा दिवस, रोज तीन-चार तास पाहणी आणि सरावासाठी पाठवा. त्यातून जे कळेल ते कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक असेल.

आपल्या भागातला भाषेचा मुद्दा बाहेरचे सल्लागार विसरतात. भाऊ मराठीत शिकला, पण मेस्त्री कानडीत हाक मारेल आणि शेजारचा कामगार हिंदीत. इतर मुले हे ऐकून ऐकून शिकतात. तुमच्या भावाला ते मुद्दाम शिकवावे लागेल. सगळी भाषा नको, त्या जागेवर लागणारे पंधरा-वीस शब्द पुरेत: निल्लु म्हणजे थांब, तगो म्हणजे घे, इडु म्हणजे ठेव, साकु म्हणजे पुरे, बेडा म्हणजे नको. निल्लु ऐकताच हात थांबले पाहिजेत, इतका त्याचा घरी खेळासारखा सराव घ्या, कारण यंत्राजवळ हाच शब्द त्याला वाचवील.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, देशभर चालते. बौद्धिक अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी 18 पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी करून घ्यावी लागते, ती तारीख आताच लिहून ठेवा. ग्रामपंचायतीत नेमलेले ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ते, ज्यांना सगळे व्हीआरडब्ल्यू म्हणतात, ते अर्ज भरण्यास मदत करतात आणि पेन्शनचे नियमही त्यांनाच विचारावेत. काम लागले तर पेन्शन जाईल का, ही आईची भीती खरी आहे, त्यामुळे तिला सोबत नेऊन तिच्यासमोरच विचारा. पगार भावाच्या स्वतःच्या बँक खात्यात आणि किमान वेतनापेक्षा कमी नसावा. ‘त्याला काय कळते’ म्हणून निम्मे पैसे देऊ करणाऱ्या मालकाला नकार द्या.

सरकारी नोकरीविषयी लोक तुम्हाला आशा दाखवतील. 1995 च्या कायद्यातील 3 टक्के आरक्षणात बौद्धिक अक्षमता नव्हतीच. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने आरक्षण 4 टक्के केले आणि त्यातील 1 टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांमध्ये मिळून ठेवला. हा हक्क मोलाचा आहे, अर्ज जरूर करावेत, मात्र त्याची वाट पाहत घरी बसू नये. महाराष्ट्र ज्यांवर दावा सांगतो त्या सीमाभागातील 865 गावांतील मराठी भाषकांना महाराष्ट्राच्या काही पदांसाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठीही प्रत्येक जाहिरातीतील अटी नीट वाचाव्या लागतात. 2016 च्या कायद्याचा दुसरा भाग मला जास्त उपयोगी वाटतो: 20 किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण करून दिव्यांगांना योग्य अशी पदे त्यात नमूद करायची असतात. मालकाशी बोलताना हे भांडणाच्या सुरात न सांगता माहिती म्हणून सांगा.

आणि या सगळ्याच्या आधी बसचा प्रवास. कर्नाटकातील दिव्यांगांचा सवलतीचा पास घरापासून 100 किलोमीटरपर्यंत चालतो, तो काढून घ्या. पहिले चार दिवस त्याच्या शेजारी बसा, पुढचे चार दिवस त्याच बसमध्ये मागच्या आसनावर, त्यानंतर तो एकटा चढेल आणि तुम्ही उतरण्याच्या थांब्यावर उभ्या राहाल. बस चुकली तर काय करायचे, हेही एक बस मुद्दाम सोडून देऊन त्याला शिकवा. कामाची जागा ठरण्याची वाट न पाहता हे येत्या सोमवारपासून सुरू करता येईल. त्या आठवड्यात वहीत काय लिहिले गेले ते मला इथेच कळवा, म्हणजे पहिल्या मालकाकडे जाऊन नेमके काय बोलायचे, ते आपण मिळून ठरवू.