'एअर व्हाइस मार्शल' की 'व्हाइस एअर मार्शल'?

प्रश्न असा आहे. भारतीय हवाईदलातील दिवंगत अधिकारी हरजिंदर सिंग यांच्या परिचयात एका ठिकाणी 'व्हाइस एअर मार्शल' असा हुद्दा छापलेला आढळला, तर दुसऱ्या ठिकाणी 'एअर व्हाइस मार्शल'. यांतले बरोबर कोणते, मराठीत त्यासाठी 'उपहवाईदलप्रमुख' हा शब्द चालेल का, आणि ज्या माणसाचे उभे आयुष्य विमाने दुरुस्त करण्यात आणि घडवण्यात गेले त्याला 'मार्शल' हे सेनापतीला शोभणारे नाव कसे लागू पडते, अशी ही तिहेरी पृच्छा आहे.

बरोबर रूप 'एअर व्हाइस मार्शल' हेच आहे. 'एअर' हा शब्द दल कोणते ते सांगतो आणि तो आरंभीच राहतो: एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल, एअर चीफ मार्शल. 'व्हाइस' हे त्यातल्या 'मार्शल'ला लागलेले विशेषण आहे, 'एअर मार्शल' या जोडशब्दाला नव्हे. क्रम उलटण्याचे कारण बहुधा नौदलातील 'व्हाइस ॲडमिरल' हे कानावर रुळलेले नाव असावे. मात्र या उलटापालटीने अर्थालाही धक्का बसतो. नौदलातील व्हाइस ॲडमिरल हा हवाईदलातील एअर मार्शलच्या आणि भूदलातील लेफ्टनंट जनरलच्या बरोबरीचा असतो. एअर व्हाइस मार्शल हा त्याखालचा, म्हणजे रिअर ॲडमिरल आणि मेजर जनरल यांच्या तोडीचा हुद्दा आहे. 'व्हाइस' दोन्हीकडे आहे, पायरी मात्र एक नाही.

'उपहवाईदलप्रमुख' हे भाषांतर मुळीच करू नये. मराठीत 'हुद्दा' आणि 'पद' असे दोन शब्द असताना आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो, आणि चूक तिथेच होते. हुद्दा माणसाबरोबर फिरतो. बदली झाली तरी खांद्यावरची पट्टी तीच राहते आणि निवृत्तीनंतरही तो नावामागे लिहिला जातो. पद हे खुर्चीचे असते आणि खुर्ची सोडली की सुटते. उपहवाईदलप्रमुख हे पद आहे, एका वेळी एकच व्यक्ती ते सांभाळते आणि तिचा हुद्दा एअर मार्शल असतो. एअर व्हाइस मार्शल मात्र एकाच वेळी अनेक असतात. म्हणून हुद्द्याचे नाव जसेच्या तसे ठेवावे आणि पदाचे तेवढे मराठी करावे, हा मला योग्य वाटणारा मार्ग आहे.

तिसरा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर शब्दाच्या पोटातच आहे. 'मार्शल' हा जुन्या जर्मानिक भाषांमधील दोन शब्दांचा समास: 'मार्ह' म्हणजे घोडा आणि 'स्काल्क' म्हणजे सेवक. आपल्याकडचा शब्द योजायचा तर मोतद्दार. राजाच्या पागेची व्यवस्था पाहणारा माणूस हळूहळू दरबारातील मानकरी झाला, मग घोडदळाचा आणि पुढे सैन्याचा अधिपती झाला. शब्द त्याच्याबरोबर तबेल्यातून दरबारात गेला. फ्रेंचमध्ये 'मारेशाल' म्हणजे सेनानी, पण 'मारेशाल-फेराँ' म्हणजे आजही नालबंदच. ब्रिटनच्या हवाईदलाने सुरुवातीला भूदलाचेच हुद्दे चालवले आणि १९१९ मध्ये स्वतःचे ठरवले. त्या वेळी 'मुख्य' आणि 'पक्षी' या अर्थांच्या गेलिक शब्दांपासून बनवलेला 'आर्डियन' असा एक शब्दही सुचवला गेला होता. तो मागे पडला आणि 'मार्शल' टिकला. तीच नावे भारतीय हवाईदलात आली आणि स्वातंत्र्यानंतरही राहिली.

आता हरजिंदर सिंगांची कारकीर्द या व्युत्पत्तीशेजारी ठेवून पाहावी. लाहोरच्या मॅक्लेगन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला हा तरुण अधिकारी म्हणून नव्हे, तर 'हवाई सिपाही' म्हणून भरती झाला. भारतीय हवाईदलाच्या आरंभीच्या तुकडीतील तंत्रज्ञांना हेच नाव होते, आणि अरबी 'हवा' व फारसी 'सिपाही' यांचा हा जोड त्या काळच्या लष्करी बोलीचा नमुना आहे. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे चार वापिटी विमाने होती आणि ती उडती ठेवण्याचे काम याच मंडळींनी शिकून घेतले. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात हीच स्क्वाड्रन लायसँडर विमाने घेऊन गेली. लायसँडर हे भूदलाला टेहळणीसाठी साह्य करणारे विमान. त्याला अडीचशे पौंडांचे बॉम्ब लावून जपान्यांच्या विमानतळांवर हल्ले करण्यात आले, आणि त्या जोडणीमागे हरजिंदर सिंगांचे हात होते. त्याच वर्षी ते अधिकारी झाले. पुढे मेंटेनन्स कमांडचे, म्हणजे विमानांची देखभाल-दुरुस्ती पाहणाऱ्या विभागाचे, प्रमुख असताना कानपूरला त्यांच्या पुढाकाराने ॲव्हरो ७४८ विमानांची बांधणी सुरू झाली; तिथे जुळवलेले पहिले विमान १ नोव्हेंबर १९६१ रोजी उडाले. त्या कमांडचे मुख्यालय नंतर नागपूरला आले आणि नाशिकजवळच्या ओझरचा दुरुस्ती तळ आज तिच्याच अखत्यारीत आहे.

या कामाचे स्वरूप एका कागदावरून कळते. प्रत्येक विमानाची एक नोंदवही असते, तिला 'फॉर्म ७००' म्हणतात. तपासणी झाली की तंत्रज्ञ तीत सह्या करतो. मग वैमानिक ती वाचून, विमानाभोवती एक फेरी मारून, आपली सही करतो आणि विमान ताब्यात घेतो. उतरल्यावर काही बिघाड जाणवला असेल तर तो तीतच लिहितो, आणि त्या बिघाडाला सारे हवाईदल 'स्नॅग' म्हणते. घोडा तपासून, खोगीर आवळून लगाम स्वाराच्या हाती देण्याचा हा विधी आहे. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला मराठ्यांच्या फौजेत बारगीर म्हणत. त्या अर्थाने वैमानिक बारगीर ठरतो आणि 'मार्शल' शब्दाचा मूळ वारसा पागा सांभाळणाऱ्या अभियंत्याकडे जातो. हरजिंदर सिंगांच्या बाबतीत हा हुद्दा त्याच्या आद्य अर्थानेही शोभतो, असे मला मनापासून वाटते.

जाता जाता दोन सावधगिरीच्या गोष्टी. अशा अधिकाऱ्याच्या परिचयात 'वैमानिक अभियंता' लिहिणे टाळावे. 'विमानासंबंधीचा' या अर्थाने ते विशेषण व्याकरणशुद्ध आहे, पण मराठी वाचकाला 'वैमानिक' म्हटले की विमान चालवणाराच दिसतो आणि वाक्याचा अर्थ फिरतो. 'विमान अभियंता' म्हणावे. दुसरे, देवनागरीत 'एअर मार्शल' आणि 'मार्शल लॉ' यांतले 'मार्शल' सारखेच दिसत असले, तरी लष्करी कायद्यातला व 'कोर्ट मार्शल'मधला शब्द मार्स या रोमन युद्धदेवतेवरून आला आहे आणि त्याचा घोड्याशी काही संबंध नाही. विधानसभेत अध्यक्षांच्या आज्ञेवरून सदस्याला बाहेर नेणारा मार्शल मात्र आपल्या पागेवाल्याच्याच कुळातला.

तेव्हा परिचयातले वाक्य असे दुरुस्त करावे: 'एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग हे हवाईदलाच्या तांत्रिक शाखेतील विमान अभियंता आणि मेंटेनन्स कमांडचे प्रमुख होते.' यात पहिले तीन शब्द त्यांचा हुद्दा सांगतात आणि शेवटचा भाग त्यांचे पद.