काळ्या गाडीवरचे जाळ्यासारखे बारीक ओरखडे घरच्या घरी जातात का?

तुम्ही विचारलंय की, तीन वर्षांच्या काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात, त्या घरी घालवता येतील का? येतील, बहुतेक सगळ्या. पण त्या पडतात कशाने, ते आधी बघा.

सोसायटीत रोज पहाटे एकाच बादलीत, एकाच फडक्याने दहा-बारा गाड्या पुसल्या जातात. धूळ फडक्यात अडकते आणि ते फडकं पॉलिश पेपर होऊन बसतं. माझ्या गाडीचं हेच झालं. पुसणाऱ्या दादांना मी दोष देत नाही, त्यांना पाणीच तेवढं मिळतं. मी त्यांना फक्त काचा पुसायला सांगितलं, पैसे तेवढेच ठेवले. हे थांबलं नाही तर पॉलिश करून उपयोग नाही, महिन्याभरात रेघा परत.

आता ओरखड्यावरून अलगद नख फिरवा. नख अडकलं तर तो खोल आहे, त्याच्या नादी लागू नका. नख अडकत नसेल तर ओरखडा रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्येच आहे. हा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे, आजूबाजूचा थर घासून त्याच्या पातळीला आणणं. म्हणून दर दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्यांची मला खरंच काळजी वाटते. गेलेला थर परत येत नाही.

गाडी भरपूर पाणी मारून शाम्पूने धुवा, मग क्ले बार (मऊ मातीसारखी वडी) फिरवून चिकटलेली घाण काढा. सावलीत, पत्रा गार असताना, बोनेटच्या हातभर जागेवर आधी करून बघा. बारीक कंपाउंड (घासायची पेस्ट), फोमचं पॅड, आणि मशीन घेणार असाल तर पॅड फिरता फिरता डोलवणारं, म्हणजे ड्युअल अ‍ॅक्शनच घ्या. गॅरेजमधलं एका जागी गरगर फिरणारं मशीन नवख्या हातात रंग जाळतं. कडांवर आणि पत्र्याच्या घड्यांवर रंग पातळ असतो, तिथे हात हलका. काळ्या प्लास्टिकवर मास्किंग टेप लावा, नाहीतर कंपाउंडचे पांढरे डाग निघता निघत नाहीत.

शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मोबाइलच्या टॉर्चखाली बघा. बऱ्याच पॉलिशमध्ये तेल असतं, ते रेघा नुसत्या झाकतं. अल्कोहोलने पुसल्यावरही दिसल्या नाहीत, तर त्या खरंच गेल्या. मग वॅक्स लावा. टूथपेस्टच्या वाटेला मात्र जाऊ नका.