चिडलेल्या कोचला बास्केटबॉलचा रेफरी जजमेंट कॉल कसा समजावून सांगतो?

जजमेंट कॉल म्हणजे त्या क्षणी जे दिसलं त्यावरून रेफरीने दिलेला निर्णय. तो पटवायला जायचंच नाही, हे आधी सांगून टाकतो. त्याची टीम हरत असते, त्याला पटणार नसतंच. काय दिसलं ते एका वाक्यात सांगायचं आणि गेम चालू करायचा. पण आम्हा रेफरींतल्या बऱ्याच जणांना ते एक वाक्यसुद्धा जड जातं, म्हणून लिहायला बसलो.

एक मॅच होती, शेवटचा मिनिट, दोन पॉइंटचा फरक. मी लीडला, म्हणजे बास्केटमागच्या रेषेवर, बेसलाइनवर. ड्राइव्ह आली, म्हणजे एक प्लेअर बॉल घेऊन बास्केटकडे घुसला, डिफेंडरशी धडक झाली, मी शिट्टी मारून चार्ज दिला, म्हणजे बॉलवाल्याचा फाउल. कोच साइडलाइनने तरातरा पुढे, "हलत होता ना तो! डिफेंडर हलत होता!" आणि हलत होताच तो. प्रेक्षकांचं सोडा, निम्म्या कोचना वाटतं की डिफेंडर खांबासारखा उभा असला तरच चार्ज. नियमात असं कुठेच नाही. बॉलवाल्याकडे तोंड करून, दोन्ही पाय टेकून एकदा जागा घेतली की तो बाजूला सरकू शकतो, मागे जाऊ शकतो, लागू नये म्हणून अंग वळवूही शकतो. बघायचं काय तर बॉलवाला उडाला तेव्हा हा वाटेत आधीच होता की नंतर घुसला, आणि धक्का छातीवर बसला की कुशीत.

स्कोअर लिहिणाऱ्या टेबलला फाउल सांगून येताना मी त्याच्या बाजूला उभा राहिलो, समोर नाही, आणि हळू आवाजात म्हणालो, "सर, हलत होता, बरोबर. पण मागे जात होता, तुमचा प्लेअर उडायच्या आधीच वाटेत होता, आणि धक्का छातीत बसलाय." त्याने तोंड वाकडं केलं, "मला इथून तसं नाही दिसलं" म्हणाला आणि पोरांना डिफेन्स सांगायला वळला. संपलं.

मॅचनंतर माझा सिनियर पार्टनर, म्हणजे मॅचचा दुसरा रेफरी, बुटाची लेस सोडता सोडता मला सुनावतोय. वकिली कशाला करत होतास, मूठ तळहातावर आपटून चार्जचा सिग्नल दिलास ना, त्यात सगळं आलं, सफाई दिली की कोच डोक्यावर बसतो वगैरे. अरे पण सिग्नलने चार्ज आहे एवढंच कळतं, का आहे ते कुठे कळतं? याची स्वतःची पद्धत म्हणजे पाठ फिरवायची आणि कोच तरी बोलत राहिला तर टेक्निकल, म्हणजे गैरवर्तनाचा फाउल. याच्या मॅचला तिसऱ्या क्वार्टरपर्यंत दोन्ही बेंच पेटलेले असायचे. अमेरिकेतली एनबीए लीग २०१५ पासून अटीतटीच्या मॅचचे शेवटच्या दोन मिनिटांतले कॉल तपासून रिपोर्ट जाहीर करते, चुकलेले कॉलसुद्धा. आणि आम्ही एक वाक्य बोललो तर आमचा मान जातो म्हणे!

तर तुमच्या प्रश्नाचं बोलायचं तर, कोचने प्रश्न विचारला तर उत्तर द्या, नुसती कुरकुर केली तर मान हलवून पुढे चला, शिवी दिली तर टेक्निकल, तिथे चर्चा नाही. "शांत व्हा" कधी म्हणू नका, ते ऐकून शांत झालेला कोच मी तरी पाहिला नाही. दिसलं नसेल तर "माझ्या अँगलमधून तो कॉन्टॅक्ट दिसला नाही" म्हणा, आणि पार्टनरच्या कॉलचं स्पष्टीकरण आपण देऊ नका.

हां, आणि हे सगळं डेड बॉललाच, म्हणजे खेळ थांबलेला असतानाच. बोलायचं हेड कोचशी, बाकी बेंचला उत्तर देत बसू नका. तोच कोच चौथ्यांदा तोच प्रश्न घेऊन आला तर तो प्रश्न नाहीये, प्रेशर आहे, तिथे मीही सरळ "झालं सर, आता खेळूया" म्हणतो. टेक्निकल दिल्यावर मात्र देणाऱ्याने लांब जायचं, कोचपाशी पार्टनरने जायचं. आमच्या जोडीत ते काम कायम माझ्याकडेच असायचं, का ते सांगायला नकोच.