इंग्रजी कवी विल्यम ब्लेकच्या 'लंडन' कवितेवर पहिल्यांदाच लिहायला घेतोयस तर

अरे एवढं घाबरू नकोस, 16 ओळींची तर कविता आहे. फक्त आधी गाईड उघडू नकोस, नाहीतर 'औद्योगिक क्रांतीमुळे गरिबी वाढली' असलं दोन पानं लिहिशील आणि कविता राहील बाजूलाच. मोठ्याने वाच, दोनतीनदा.

मग 'चार्टर्ड' हा एकच शब्द धर. ब्लेकच्या वहीतल्या कच्च्या खर्ड्यात तिथे चक्क 'डर्टी' होतं, म्हणजे नुसते घाणेरडे रस्ते, घाणेरडी थेम्स. 1794 ला छापताना 'चार्टर्ड' आलं आणि सगळा खेळच पालटला, कारण चार्टर म्हणजे सनद, हक्कांचीही आणि मक्तेदारीचीही (आपल्याकडे आलेली ईस्ट इंडिया कंपनी असल्याच सनदेवर चालायची), इथे तर वाहती नदीसुद्धा कुणाच्या तरी मालकीची झाल्यासारखी वाटते. 'एव्हरी' मोज, दुसऱ्या कडव्यातच पाचदा, हातोडा पडल्यासारखा. ते कडवं 'आय हिअर'वर संपतं आणि तिसऱ्याच्या ओळींची पहिली अक्षरं उभी वाचलीस तर एच, ई, ए, आर! मुद्दाम की योगायोग यात पडू नकोस, नोंदव आणि पुढे जा.

खरी मजा तिथेच आहे बघ, सैनिकाचा उसासा रक्त होऊन राजवाड्याच्या भिंतीवरून ओघळतो. उसासा ऐकायचा असतो ना, इथे तो डाग होऊन दिसतो, आणि डाग कुणाच्या भिंतीवर पडला ते बघ. धुराडी साफ करणारी पोरं आणि चर्च, तीच जोडी. पण सगळं राजावर ढकलू नकोस, बेड्या मनात घडवलेल्या आहेत असंही ब्लेकच म्हणतो.

आणि शेवटचा शब्द 'हर्स', म्हणजे प्रेतगाडी, तीही लग्नाची. त्यावर निदान एक पॅरा लिही, बहुतेक जण तिथे पोचेपर्यंत दमतात.