आभाळापेक्षा ओढा बघ

प्रिय पोरी,

परवा जिन्यात थांबवून तू विचारलंस, "काका, रविवारी नळदुर्गला जावं का नको?" माझ्या हातात दळणाचा डबा होता, म्हणून नुसतं "बघू की" म्हणून वर आलो. 31 वर्षं एसटी चालवलेल्या माणसानं एवढ्यावर सोडणं बरं नाही. त्यात तुमच्या पाच जणींतल्या दोघी ढग बघूनच गळाल्या, असं तुझ्या आईकडून कळलं. म्हणून लिहायला बसलो.

आधी उत्तर देतो. जा.

सोलापुरात राहून पावसाला खराब हवा म्हणणारी माणसं मला कळत नाहीत. खराब हवा म्हणजे आपला मे महिना. दुपारी सीटला हात लावला तर चटका बसायचा. आपल्याकडं पाऊस पडून पडून किती पडतो? वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात. तो आला की दार लावून बसायचं, मग फिरायचं कधी?

आणि नळदुर्ग तर पावसाशिवाय अर्धाच आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात तिथल्या किल्ल्यात बोरी नदीला बांध घातला आणि बांधाच्या पोटातच पाणी महाल बांधला. वरून पाणी पडायच्या दोन जागा, एक नर आणि एक मादी. वरचं बोरी धरण भरून वाहायला लागलं की हे दोन्ही धबधबे सुरू होतात. एरवी नुसता काळा दगड बघून परत यायचं. त्या रस्त्यानं मी किती फेऱ्या केल्या त्याचा हिशेब नाही, पण दोन्ही धबधबे जोरात पडताना फक्त तीनदा पाहिलेत. आत उतरू देत असतील तर खिडकीत उभी राहा. समोरून पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि शेजारची मैत्रीण ओरडली तरी ऐकू येत नाही.

आता भीती कशाची धरायची ते सांगतो. ते मी गाडीवर नाही शिकलो, सुट्टीच्या दिवशी माती खाऊन शिकलो.

नोकरी लागायच्या आधीची गोष्ट. आम्ही चौघं दोन मोटारसायकली घेऊन हत्तरसंग कुडलला गेलो. भीमा आणि सीना मिळतात ती जागा. शके 940, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख तिथं आहे, पण आम्हाला त्याचं काय? आम्हाला पोहायचं होतं. ऊन लख्ख पडलेलं, आभाळात बोटभर ढग नाही. वाटेत एक ओढा लागला, घोट्याएवढंही पाणी नव्हतं. दुपारी धपाटी खाऊन वाळूत लोळलो. मेंढरं घेऊन चाललेला एक म्हातारा म्हणाला, "पाणी चढालंय रे पोरांनो, निघा." आम्ही हसलो. पाऊस कुठाय?

तासाभरानं निघालो तर सकाळचा तो ओढा छातीएवढा! आणि पाणी वाहत नव्हतं, नुसतं उभं होतं. याला फुगवटा म्हणतात. वर उजनीतून पाणी सोडलं की भीमा फुगते, ओढ्याच्या पाण्याला नदीत उतरायला जागा राहत नाही आणि ते मागं सरत ओढ्यात भरतं. भीमेचा उगम कुठं, भीमाशंकरला. पाऊस पुण्याकडं पडला आणि अडकलो आम्ही इथं, उन्हात. रात्र गावातल्या देवळात काढली. फोन नव्हते. आई रात्रभर उंबऱ्यात बसून होती, हे मला सकाळी तिचे डोळे बघून कळलं. ती एक शब्द बोलली नाही, पुढं महिनाभर.

तेव्हापासून मी आभाळ नंतर बघतो, आधी नदीच्या वरच्या अंगाला काय चाललंय ते विचारतो. तुझ्यापुरतं सांगायचं तर सोलापुरात पाऊस आहे का नाही यावर ठरवू नकोस. बोरीला पाणी धाराशिव जिल्ह्यातून, तुळजापूरच्या बाजूनं येतं. शनिवारी रात्री त्या बाजूला काय झालं ते बघ. तुझी वर्गमैत्रीण तुळजापूरची आहे ना? तिला फोन कर. हवामान खात्याचा पिवळा इशारा असेल तर सावध राहून जा. नारिंगी असेल तर पुढच्या रविवारी. लाल असेल तर विचारायलाही येऊ नकोस. 2020 च्या 14 ऑक्टोबरला बंगालच्या उपसागरातून आलेल्या पावसानं आपल्या जिल्ह्याची काय दशा केली ते तू घरातून पाहिलंयस.

या दिवसांत दुपारपर्यंत उकडतं आणि तीन-चारला गडगडाट होतो. म्हणून सहाला निघा आणि एकच्या आत परतीला लागा. उपळी बुरूज सकाळीच करा. ढग वाजायला लागल्यावर त्या उघड्या बुरुजावर सेल्फी काढत उभं राहायचं नाही, आणि खाली उतरून झाडाखालीही नाही. फोनवर दामिनी ॲप घालून ठेव, वीज जवळपास असेल तर सांगतं.

रस्ता सरळ आहे, मुळेगाव, बोरामणी, तांदुळवाडी, इटकळ. पाऊस सुरू झाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं सगळ्यात घसरडी, तेवढा वेळ एखाद्या टपरीत चहा घ्या. शॉर्टकट म्हणून काळ्या रानातून गाडी घालू नका. मडगार्डात चिखल दाटला की चाकच फिरत नाही, मग गाडी उचलून आणायची पाळी. आणि ओढ्यावरच्या फरशी पुलावरून पाणी जात असेल तर किती आहे ते मोजत बसायचं नाही. पलीकडचा माणूस हात करून "या की, येतंय" म्हणेल. येऊ दे त्याला, तू मागं फिर. मैत्रिणी भित्री म्हणतील, मलाही प्रवाशांनी काय काय म्हटलंय. एकदा एका नवरदेवाच्या मामानं तर बारसंच घातलं माझं. लग्न दोन तास उशिरा लागलं, पण लागलं.

कडक भाकरी पिशवीत नको, डब्यात घे, नाहीतर सादळून चामडं होते. शेंगाचटणी आमच्याकडून देतो.

आईशी मी बोललोय. तिची एकच अट आहे, इटकळला पोहोचल्यावर एक फोन आणि परत निघताना एक. तेवढं कर.

आणि तुझ्या गाडीचं मागचं टायर मी आज खाली बघून आलो. पार गुळगुळीत झालंय. शनिवारच्या आत बदल.

तुझा,
वरच्या मजल्यावरचा काका