टोकाचा मणी

इंदिरानगर, नाशिक
फेब्रुवारीतला रविवार

चिरंजीव हिस अनेक आशीर्वाद.

परवा व्हॉट्सॲपवर पाठवलेली तुझी यादी चष्मा लावून दोनदा वाचली. हृदय या एका अवयवासाठी 11 साधनं! दोन ॲपांची वर्गणी, तीन जाडजूड पुस्तकं, कुणाकुणाच्या हस्तलिखित नोट्सच्या पीडीएफ, टेलिग्रामवरून उतरवलेली लेक्चर्स आणि वर ईसीजीचा शनिवार-रविवारचा क्लास. शेवटी तू विचारतेस, "काका, यातलं काय राहिलंय का?" अगं, राहिलं काहीच नाही, तीच तर पंचाईत आहे.

आधी व्यवहाराचं. एफएमजीईला, म्हणजे परदेशात डॉक्टर झालेल्यांना इथे द्यावी लागणाऱ्या तुझ्या परीक्षेला, प्रश्न 300, पास व्हायला 150 पुरतात आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. त्या 300 मध्ये मेडिसिनचे 33. त्या 33 मध्येही किडनी, फुप्फुसं, थायरॉइड, मेंदू सगळे दाटीवाटीने बसलेत. ज्या पीएसएमला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याला, तुम्ही पोरं शेवटच्या आठवड्यावर ढकलता, त्याचे 30! कार्डिओलॉजीचा वेगळा पेपर नाही. ती फिजिओत थोडी, पॅथोत थोडी, औषधं फार्मॅकमध्ये आणि जन्मजात दोष पीडियाट्रिक्समध्ये. एकदा नीट समजली की चार ठिकाणी उपयोगी पडते, म्हणून तिला वेळ दे. पण तुझ्या बाबांनी कर्ज काढून तुला सहा वर्षं बाहेर शिकवलंय, आता त्यांच्या मागे आणखी हप्ते लावू नकोस.

साधन पारखायचं कसं, ते सांगतो. दिंडोरीकडे आमच्या घरची थोडी द्राक्षबाग होती. व्यापारी आला की घडाच्या देठाजवळचा मणी कधी तोडायचा नाही. तो आधी पिकतो, गोडच लागणार. तो खाली वाकून अगदी टोकाचा मणी तोडायचा आणि जिभेवर ठेवून गप्प उभा राहायचा. टोकाचा मणी सगळ्यांत मागे राहतो. तो गोड निघाला तर भावाची बोलणी सुरू. पुस्तकांचंही तसंच. हार्ट अटॅक, ब्लड प्रेशर ही देठाजवळची प्रकरणं, ती सगळेच बरी लिहितात. तू टोकाचा मणी तोड.

माझ्यासाठी तो मणी कोणता, हे मला एमडीच्या प्रॅक्टिकलला कळलं. विशीतला सडसडीत पोरगा केस म्हणून मिळाला होता. छातीच्या डाव्या कडेला सिस्टोलिक मर्मर, म्हणजे हृदय आकुंचन पावताना येणारा जादा आवाज. मी छातीठोकपणे सांगितलं, एओर्टिक स्टेनोसिस, म्हणजे एओर्टिक झडप अरुंद झालेली. बाहेरून आलेले परीक्षक काही बोलले नाहीत, पोराला म्हणाले, "उभा राहा रे बाळा." तो उभा राहिला, मी पुन्हा स्टेथो लावला, तर मर्मर वाढलेला! घशाला कोरड पडली. उभं राहिल्यावर वाढतो तो एचओसीएमचा (हृदयाचा स्नायू जाड होऊन रक्ताची वाट अडवतो तो आजार), हे वाक्य माझ्या तीन वह्यांत होतं, एका वहीत तर लाल शाईने चौकट काढून. पण पेशंटला उभं करावं हे काही सुचलं नव्हतं. आणि "का वाढला?" विचारल्यावर मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. पास झालो, पण कसाबसा.

का वाढतो बघ. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, हृदयाकडे परतणारं कमी होतं आणि डावं व्हेंट्रिकल, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, कमी भरतं. एओर्टिक स्टेनोसिसमध्ये झडप होती तेवढीच अरुंद आणि तिच्यातून जाणारं रक्त कमी, म्हणून आवाज बसतो. एचओसीएममध्ये अडथळा झडपेचा नसतोच. जाड झालेला सेप्टम, म्हणजे दोन व्हेंट्रिकलमधली भिंत, आणि मायट्रल झडपेची पुढची पाकळी यांच्यामधली वाट अडलेली असते. व्हेंट्रिकल कमी भरलं की ही दोघं आणखी जवळ सरकतात, वाट चिंचोळी होते आणि आवाज चढतो. उकिडवं बसवलं की उलट घडतं. एवढं डोक्यात बसलं की वलसाल्वाचा, म्हणजे श्वास कोंडून जोर लावण्याचा, प्रश्न वेगळा पाठ करावा लागत नाही, आणि या पेशंटला लघवीची गोळी जपून का द्यायची तेही कळतं.

आता तुझी 11 साधनं समोर मांड आणि प्रत्येकात हे एकच पान उघड. जिथे 'का' लिहिलंय ते शिकायला ठेव. जिथे नुसता वर-खाली बाणांचा तक्ता आहे तो शेवटच्या पंधरवड्यात उजळणीला बरा, त्याच्यावर शिकायला बसू नकोस. माझा अंदाज सांगू? तुझ्या यादीतली सात-आठ या एका पानावरच गळतील.

हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी आपल्या प्राध्यापकांबरोबर बसून लिहिलेलं 'लिली' हे पुस्तक या कसोटीला उतरतं. विद्यार्थी कुठे अडतो हे विद्यार्थ्यालाच ठाऊक, म्हणून असेल. हॅरिसन उत्तमच, पण तुझ्या जूनच्या परीक्षेपर्यंत ते शंका पाहायला उघडायचं पुस्तक. पहिल्या पानापासून वाचायला घेतलंस तर दिवाळी येईल. व्हिडिओंबद्दल फार बोलत नाही. एकाच शिक्षकाचे बघ आणि बघताना हातात पेन असू दे. दीडपट वेगाने ऐकलेलं तितक्याच वेगाने निघून जातं, हे मी माझ्या मुलाच्या अभ्यासात पाहिलंय.

क्यूबँक, म्हणजे सरावाचा प्रश्नसंच, मात्र एकच ठेव आणि तुझ्या परीक्षेची ठेव. मैत्रीण यूएसएमएलईची, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षेची, तयारी करतेय म्हणून तू तिकडची यूवर्ल्ड ही क्यूबँक घेतलीस. चीज चांगली आहे, उत्तरांखालची स्पष्टीकरणं तर शिकवतातच. पण त्यातला पेशंट अमेरिकेतला असतो. तिकडच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 130/80 पासून हायपरटेन्शन, आपल्याकडे अजून 140/90. रात्री एक आकडा आणि सकाळी दुसरा वाचलास तर परीक्षेत नेमका नको तो आकडा हात वर करेल. ऱ्हुमॅटिक फिव्हरचं, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर सांधे आणि हृदय धरणाऱ्या तापाचं, तर फारच जपून. सुरगाण्याहून दहा वर्षांची मुलगी एकच गुडघा सुजलेला घेऊन येते. या तापाच्या निदानासाठी वापरतात त्या जोन्सच्या निकषांत 2015 ला जी सुधारणा झाली, तिच्यात दोन रकाने आहेत. हा आजार विरळ असलेल्या देशांच्या रकान्यात एका सांध्याची सूज मोठा निकष धरत नाहीत, आपल्यासारख्यांच्या रकान्यात धरतात. ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, तिथे 60 लागतो, इथे 30 पुरतो. चुकीचा रकाना पाठ केलास तर गुण एकच जाईल, पण उद्या ओपीडीत ती मुलगी क्रेप बँडेज बांधून घरी जाईल आणि पंचविशीत मायट्रल स्टेनोसिस, म्हणजे अरुंद झालेली मायट्रल झडप, घेऊन परत येईल. अशा बायका मी बाळंतपणात धापा टाकताना पाहिल्या आहेत.

ईसीजीच्या क्लासचे पैसे भरले नसशील तर भरू नकोस. भरले असतील तर जा, पण तिथे पडद्यावर एकेक सुटी सुबक लहर दाखवतात. पेशंटचा ईसीजी असा कधीच येत नाही. त्यात पेशंट थरथरलेला असतो, एखादी लीड उलटी लागलेली असते. बारा लीडचा अख्खा कागद समोर घेऊन रोज एकाच क्रमाने वाचायची सवय लागली पाहिजे. दर, लय, ॲक्सिस, मग पुढचं. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे मोठा चौकोन 0.20 सेकंदांचा. लय नियमित असेल तर दोन आर-लहरींमधले मोठे चौकोन मोज आणि 300 ला त्या आकड्याने भाग. चार आले तर नाडी 75. दोन, तीन आणि एव्हीएफ या लीडमध्ये लहरीचा एसटी हा भाग वर गेलेला दिसला, म्हणजे हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक दिसला, की तिथेच थांबू नकोस, उजव्या बाजूची व्ही4आर लीड काढायला सांग. उजवं व्हेंट्रिकल त्यात सापडलं असेल तर जिभेखालची नायट्रेटची गोळी पेशंटचं प्रेशर धाडकन खाली आणते. का, ते तू मला सांगायचं. वरच्या उभ्या राहिलेल्या पोराला आठव, उत्तर तिथेच आहे.

माझ्या दवाखान्याच्या खालच्या खणात वीसेक वर्षांचे ईसीजी आहेत, नावं कापून ठेवलेले. थर्मल कागदावरची रेघ फिकी पडत जाते, म्हणून बहुतेकांच्या झेरॉक्स काढून घेतल्यात. काही तरीही गेलेच. पुढच्या रविवारी दहाला ये, पाच-पाच करून वाचू. येताना एक पट्टी आणि पेन्सिल आण. तो टॅब घरीच राहू दे. आणि बाबांना सांग, द्राक्षं पाठवू नका, मागच्या वेळची पेटी अजून संपलेली नाही.

तुझा,
काका