अँफिथिएटरला ‘खुला रंगमंच’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: इटलीतल्या व्हेरोनाची रोमन वास्तू आणि अमेरिकेत डेन्व्हरजवळचं रेड रॉक्स, दोन्ही ठिकाणी आज गाणंबजावणं होतं, दोन्हींना अँफिथिएटर म्हणतात. मग मराठीत दोन्हींना ‘खुला रंगमंच’ म्हटलं तर चालेल का?

रेड रॉक्सला खुशाल म्हणा. व्हेरोनाला नको.

ग्रीक ‘अँफि’ म्हणजे दोन्ही बाजूंना, सभोवार. ‘थिएट्रॉन’ म्हणजे पाहण्याची जागा. जुनं थिएटर साधारण अर्धगोल असे, एका अंगाला पायऱ्या आणि समोर मंच. अँफिथिएटरला मंच नसतोच. मधोमध लंबगोल मोकळी जागा आणि चहूकडून पायऱ्या. झुंजींत सांडलेलं रक्त शोषलं जावं म्हणून त्या जागेत वाळू पसरत. वाळूला लॅटिनमध्ये ‘हरेना’ म्हणतात, त्यावरूनच ‘अरेना’. व्हेरोनाचे लोक आजही सगळ्या वास्तूलाच ‘अरेना’ म्हणतात. आपल्याकडे ‘राजकीय आखाडा’ म्हणताना नेमका हाच अर्थ मनात असतो, म्हणून ‘अरेना’ला मला ‘आखाडा’ फार चपखल वाटतो.

व्हेरोनाची ही वास्तू इसवी सनाच्या पहिल्या शतकातली. १११७ च्या भूकंपात तिची बाहेरची भिंत ढासळली, दगड गावातल्या इतर बांधकामांना गेले. त्या भिंतीच्या फक्त चार कमानी उरल्या. तिथले लोक त्यांना ‘आला’, म्हणजे पंख, म्हणतात. पुढे १० ऑगस्ट १९१३ ला व्हर्दी या इटालियन संगीतकाराच्या जन्मशताब्दीनिमित्त जोव्हान्नी झेनातेल्लो या गायकाच्या पुढाकाराने इथे ‘आयदा’ हा ऑपेरा झाला, आणि तिथून उन्हाळी ऑपेरांची परंपरा सुरू झाली. यात शब्दाच्या दृष्टीने लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे मंचाची जागा. तो लंबगोलाच्या एका टोकाला बांधतात, त्याच्या मागच्या पायऱ्या नेपथ्यात जातात आणि जिथे वाळू असायची तिथे खुर्च्या लागतात. वास्तू अँफिथिएटरच राहिली, वापर मात्र थिएटरचा झाला.

रेड रॉक्सचं उलट आहे. १९४१ साली खुलं झालेलं हे ठिकाण लाल वालुकाश्माच्या दोन प्रचंड खडकांमध्ये, डोंगरउतारावर बांधलं आहे. खाली मंच, वर चढत जाणाऱ्या बाकांच्या रांगा. घडणीने ते पहिल्यापासून थिएटरच. ‘अँफि’ फक्त नावात.

व्हेरोनासाठी मात्र मराठी प्रतिशब्द शोधायला लांब जायला नको. कोल्हापुरात शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ साली पुरं झालेलं खासबाग आहे: मध्ये कुस्तीचा हौद, भोवती गोलाकार चढत गेलेली बैठक. महाराजांना ही कल्पना रोमचं कलोसियम पाहून सुचली असं सांगतात. कोल्हापूरकर त्याला सरळ ‘मैदान’ म्हणतात. सपाट पटांगणालाही आपण मैदानच म्हणतो, म्हणून लिहिताना मी ‘गोल बैठकीचं मैदान’ असं लिहीन.